वाटणीत आलेली मुलगी

दरवर्षी शाळा उघडली की पहिलीच्या पोरांबरोबर मी एक खेळ खेळतो. माझ्याकडे पत्र्याची एक लहानशी डबी आहे. पूर्वी तिच्यात टाचण्या असायच्या, आता तुरीचे सात-आठ दाणे आहेत. पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, पावलं न वाजवता मागे जायचं आणि डबी आधी उजव्या कानामागे, मग डाव्या कानामागे हलवायची. पोर वळलं की मी डबी पाठीशी लपवून छताकडे बघत राहतो. पोरं खिदळतात. सोबतचे शिक्षक याला 'सरांची जादू' म्हणतात. भेटीला आलेल्या एका साहेबांनी तर शेरेबुकात 'आनंददायी उपक्रम' असंही लिहिलं होतं.

हा खेळ मी कशासाठी खेळतो, ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बावन्न वर्षांचा झालो. आता सांगून टाकतो.

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, ऊन लवकर उतरत नाही, म्हणून बाकी महाराष्ट्रापेक्षा शाळा उशिरा, जूनच्या अगदी शेवटी उघडतात. तोवर पेरण्यांची धांदल सुरू झालेली असते. नवी पोरं आईबरोबर थेट वावरातून येतात आणि त्यांची बोटं गुलाबी असतात, कारण सरकीच्या बियाण्याला लावलेलं औषध हाताला लागलेलं असतं. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल देऊन स्वागत करायचं, असा आदेश असतो. मी आधी सगळ्यांना नळावर नेऊन हात धुवायला लावतो. नवी पुस्तकं, ओली माती, डोक्याला थापलेलं खोबरेल आणि खिचडीला दिलेली जिऱ्याची फोडणी, असा सगळा मिळून एक वास त्या दिवशी शाळेत भरून राहतो.

यंदा पहिलीत नऊ पोरं आली. नऊच. गावातली निम्मी पोरं पिवळ्या बसमध्ये बसून घाटंजीच्या इंग्रजी शाळेत जातात. नऊ पोरांच्या वर्गात कोणाचा दात हलतो आहे, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, सगळं दिसतं. कोणी घरून भांडून आलं असेल तर तेही कळतं. आणि हे दिसायला लागलं की मला ते जुनं वर्ष आठवतं, जेव्हा पहिलीत एकाहत्तर होती.

हीच शाळा होती. मी तिशीतला. एका खोलीची भिंत तडकली होती, दुसरीत तांदळाची पोती होती. त्यामुळे पहिलीची सगळी पोरं एका लांबट हॉलमध्ये बसत. वर टिनाचं छत. दुपारी आत भाकरी भाजून निघावी असं व्हायचं. त्या वर्षी आम्हाला शिंदे मॅडम मिळाल्या. साताऱ्याकडच्या, नव्या शिक्षणसेविका, तेवीस-चोवीस वर्षांच्या. तीन वर्षं नीट काढली तर नोकरी पक्की, अशी त्यांची परिस्थिती. पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "सर, ही पोरं 'जेवून राह्यलो' म्हणतात. मी म्हटलं, बरं बाबा, जेवून राहा. तर ती जेवतच होती की!" खिचडी करणाऱ्या गिरजाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "शिका जी मॅडम. तुमचं मराठी आमाले समजते, आमचंच तुमाले नाई समजत. मंग शिकलेलं कोन?"

एक हॉल, एकाहत्तर पोरं, दोन शिक्षक. दोघांनी एकदम शिकवलं तर कोणाचंच ऐकू जायचं नाही. एका शनिवारी आम्ही गेरूनं जमिनीवर मधोमध रेघ मारली आणि पोरं वाटून घेतली. हजेरीच्या क्रमानं वाटली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण वाटणीची पद्धत मी काढली. कबड्डीला गडी निवडतात तशी. एक मी, एक मॅडमनी. मी जुना, म्हणून पहिली निवड माझी. तेल लावून आलेलं, पाटी आणलेलं, नाव विचारलं तर चटकन सांगणारं पोर मी आधी उचलायचो. मॅडमना यातलं काही कळत नव्हतं. त्या ज्याच्या डोळ्यात पाणी दिसेल त्याला बोलवायच्या.

एकाहत्तर म्हणजे एक उरणारच. उरली ती सुनीता. तांड्यावरची. भावाचा मोठा सदरा फ्रॉकवरून घातलेला, एका कानात कापसाचा बोळा. मॅडम म्हणाल्या, "घेते मी तिला." मी हात वर केला. "राहू द्या, तुम्ही नव्या. माझ्याकडे छत्तीस असू द्या." मोठेपणा करायची एवढी सोपी संधी कोण सोडतं?

अशी ती माझ्या वाटणीत आली.

एवढ्या पोरांना शिकवायची मला एकच रीत येत होती. मी म्हणायचं, मग सगळ्यांनी म्हणायचं. 'अ' अननसाचा, आणि मागून छत्तीस गळे. रेघेपलीकडून पस्तीस. पोरांनी स्वतःच नावं पाडून घेतली: सरवाले आणि मॅडमवाले. कोणाचा आवाज मोठा, याची शर्यत लागली. बांधावरून जाणारा माणूस थांबून म्हणायचा, "यंदा शाळा जोरात हाय." मलाही ते ऐकायला आवडायचं. त्या गजरात कोण म्हणतं आहे आणि कोण नुसतं तोंड हलवतं आहे, ते कळायला मार्ग नव्हता. मला ते कळून घ्यायचंही नव्हतं, असं आज वाटतं.

सुनीता तोंड हलवायची. नीट हलवायची. तिची नजर माझ्या तोंडावर किंवा शेजारच्या पोरीच्या तोंडावर असायची आणि तिचे ओठ सगळ्यांच्या किंचित मागे चालायचे. विचारलं तर काही सांगायची नाही. तांड्यावरची बरीच पोरं पहिले काही महिने सांगायची नाहीत, कारण घरात बंजाऱ्यांची गोर बोली आणि शाळेत हे आमचं पुस्तकी मराठी. आम्ही सगळे तेच धरून चाललो होतो. बोलत नाही म्हणजे भाषा येत नाही. आमच्या भागातल्या शिक्षकाला हे उत्तर खिशात तयारच असतं. बाहेरच्या माणसाला कदाचित दुसरं काही सुचलं असतं.

श्रावणातली गोष्ट. दुपारची वेळ, पोरं पाटीवर गिरवत होती, हॉल कधी नव्हे तो शांत होता. तेवढ्यात लिंबावरून वांदराचा कळप टिनावर उतरला. पाच-सात दांडगी वांदरं एकदम. असा धडाका झाला की मॅडमच्या हातातला खडू पडला. सत्तर पोरं किंचाळून वर बघायला लागली. एक पोरगी मान खाली घालून 'ग' गिरवत होती. शेजारणीनं तिला धक्का दिला, तेव्हा तिनं आधी शेजारणीकडे पाहिलं, मग सगळे वर बघताहेत म्हणून वर पाहिलं.

मी टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली. तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. उजव्या कानाशी वाजवली. आजूबाजूची चार पोरं वळली. डाव्या कानाशी वाजवली. ती गिरवत राहिली. मग माझी सावली तिच्या पाटीवर पडली. ती दचकून उभी राहिली आणि म्हणाली, "हजर." सर जवळ आले की हे म्हणायचं असतं, एवढं तिनं बघून बघून शिकून घेतलं होतं. पोरं हसली. मीही हसलो. शेजारची म्हणाली, "सर, इचा कान वास मारते जी. मले दुसरीकडं बसवा ना."

म्हणजे त्या दिवशी मला कळलं. शंका आली असं मी म्हणणार नाही, पुष्कळ वर्षं तसं म्हणून पाहिलं. मला कळलं.

करायचं काय होतं? मॅडमना सांगायचं होतं. सुनीताच्या आईला बोलावून सरकारी दवाखान्यात न्या म्हणायचं होतं. एका दुपारचं काम. मी उद्यावर टाकलं. उद्या शाळेत सभा निघाली. परवा तिची आईच निंदणाला जाताना दारात थांबली. हातात विळा, डोक्यावर टोपलं.

"शिकून राह्यली का जी सर आमची पोरगी?"

"शिकते."

"घरी त बोलतच नाई. हाका मारा, वर पाह्यत नाई. म्या म्हनलं, शाळंत मराठी, घरी आमची बोली, पोरगी गोंधळून गेली असन."

किती सोपं करून दिलं होतं तिनं. मी म्हणालो, "हो, तसंच असेल. होते हळूहळू." ती हात जोडून गेली. तिच्या विळ्याचं पातं उन्हात दोनदा चमकलेलं मला आठवतं. माणसाला नको ते नेमकं आठवतं.

मी असा का वागलो, याचं उत्तर फार लहान आहे आणि म्हणूनच सांगायला जड जातं. पोळ्यानंतर केंद्रप्रमुख पहिलीचं वाचन तपासायला येणार होते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासणार होते. आणि मॅडमवाले पुढे गेले होते. मॅडम गाणी लावून शिकवायच्या, पोरांना मांडीवर घ्यायच्या, रडकी म्हणून उचललेली त्यांची पोरं आता घडाघडा वाचत होती. साताऱ्याकडून काल आलेल्या पोरीपुढे मला हरायचं नव्हतं. बक्षीस नव्हतं, बढती नव्हती. एवढंच होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन शाळेत आली. चाकांचे, घुंगरांचे, बेगड लावलेले. सुनीतानं मातीचा बैल आणला होता, शिंगाला हळदीचं बोट लावलेला. तो तिनं रेघेवर ठेवला, बरोबर मधोमध. त्याच दिवशी मी मॅडमना म्हणालो, "ही पोरगी लाजरी आहे. बाईमाणसाजवळ खुलेल. तुम्ही हिला घ्या, मला तो पाटलांचा गोलू द्या, तो फार दंगा करतो तुमच्याकडे." गोलू दंगा करायचा खरा, पण सगळं पुस्तक वाचायचा.

मॅडमचा चेहरा उजळला. "द्या सर. बघते मी. बोलेल ती माझ्याशी."

गिरजाबाई ताटं मांडत होत्या. त्यांनी बैल उचलून पलीकडे नेणारी सुनीता पाहिली. "काहून जी सर? तुमच्या वाटची पोट्टी तिकडं कायले धाडली? वाटून घेतलेलं कोनी असं पल्टवते का?"

"मॅडमजवळ शिकेल चांगली," मी म्हणालो.

"हाव, शिकन," गिरजाबाई म्हणाल्या. आणि माझ्या ताटात खिचडी जरा जोरातच आपटली.

पुढचा महिना मी रेघेच्या अलीकडे बसून पाहिला. मॅडम मनापासून लागल्या. पोरीला मराठी समजत नाही, तर आपण तिची बोली शिकू, असं त्यांनी ठरवलं. शाळा सुटल्यावर तांड्यावर जायच्या. आईला याडी म्हणतात इथपासून सुरुवात करून वहीत वीस-पंचवीस शब्द लिहून आणले. तांड्यातल्या बाया हसून बेजार. "मॅडम आमची बोली बोलते त मैना बोलल्यावानी वाटते." दुसऱ्या दिवशी मॅडम सुनीताला जवळ घेऊन ते शब्द म्हणायच्या. सातारी हेल, गोर बोली, आणि पुढे ऐकू न येणारी पोरगी. ती त्यांच्या तोंडाकडे बघून हसायची. त्या मला लांबूनच म्हणायच्या, "हसली बघा सर! कळतंय तिला." मी मान डोलवायचो.

एका वाक्याचं काम होतं. 'मॅडम, तिला ऐकू येत नाही.' पाच शब्द. मी ते का बोललो नाही? कारण मग विचारणा झाली असती, तुम्हाला कधी कळलं. दिवस गेले तसं ते वाक्य अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी ती बातमी होती, महिन्याभरानं ती माझी कबुली झाली असती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅडमचा धीर सुटला. सुनीता फळ्यापुढे उभी होती. "म्हण, म. मगर. म्हण ना ग. कालपर्यंत ओठ हलवत होतीस, आज काय झालं? हट्ट करतेस का माझ्याशी?" सुनीता फळ्याकडे बघत होती, मॅडम मागे होत्या. त्यांनी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि एक चापट मारली. गालावर. फार जोरात नाही. कानातला कापसाचा बोळा उडून खाली पडला. पिवळा, ओला. सुनीता रडली नाही. तिनं वाकून बोळा उचलला, सदऱ्याला पुसला आणि परत कानात घातला. मग मॅडमकडे बघून म्हणाली, "हजर."

मी रेघेच्या अलीकडे उभा होतो. "बे एके बे," मी म्हणालो, मोठ्यानं. माझी छत्तीस पोरं म्हणाली, बे एके बे.

तपासणीत आमची बाजू सरस ठरली. गोलूनं धडा वाचला. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मॅडमना म्हणाले, एक मुलगी अगदीच मागे आहे, लक्ष द्या. त्या मान खाली घालून उभ्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच झालं. सुनीता दुसरीत गेली, तिसरीत गेली, तशीच, ओठ हलवत. तिसरीत आरोग्य पथकाच्या डॉक्टरनं तिचं बहिरेपण पकडलं. मॅडम स्वतः तिला आणि तिच्या आईला एसटीनं यवतमाळला घेऊन गेल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, कान फार दिवसांपासून वाहत होते, आधी आणायला पाहिजे होतं, कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? आधी आणलं असतं तर किती वाचलं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही कधी विचारायला गेलो नाही. चौथीनंतर सुनीता शाळेत आली नाही.

मॅडमची बदली साताऱ्याकडे झाली. निरोपाच्या दिवशी सगळे पांगल्यावर त्या हॉलमध्ये एकट्या बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, एक गोष्ट जात नाही डोक्यातून. त्या लेकराला मी मारलं. तिला ऐकू येत नव्हतं आणि मी हट्टी म्हणून मारलं तिला. मला कसं कळलं नाही हो?" त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. आपल्याला कुठं माहीत होतं."

मी आयुष्यात बरंच खोटं बोललो असेन. या वाक्याइतकं नीच दुसरं आठवत नाही.

त्यांचा दर शिक्षकदिनाला मेसेज येतो. आता त्या मुख्याध्यापिका आहेत. 'तुमच्यासारखे सीनियर लाभले म्हणून त्या रानात टिकले.' मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवतो.

गावोगाव फिरून दोन वर्षांपूर्वी मी याच शाळेत परत आलो. हॉल पाडला, नव्या खोल्या झाल्या. गिरजाबाई वारल्या. आणि यंदा, शाळा उघडली त्या दिवशी, सुनीताची आई नातीला घेऊन आली. पाठीत वाकली आहे. "सर, वळखलं का? हे आमच्या सुनीताची. आराध्या नाव हाय. जावयाचं काही खरं नाई, त मायलेकी माह्याचपाशी राह्यतात." तिच्या मागे दाराला टेकून सुनीता उभी होती. अठ्ठावीस वर्षांची बाई, हातात विळा. तिच्या आईच्या हातात असायचा तसाच.

खेळ सुरू झाला. आराध्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी डबी उजवीकडे वाजवली. ती गर्रकन वळली. डावीकडे वाजवली, पुन्हा वळली. "डबी हाय सरपाशी, मले दिसली!" पोरं हसली. मी छताकडे पाहायचं विसरलो, कारण सुनीता माझ्याकडे बघत होती. आधी डबीकडे, मग लेकीच्या कानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला कळलं. वर्गातल्या कोणालाच आजवर कळलं नव्हतं, ते तिला एका नजरेत कळलं.

ती आत आली. हात पुढे केला. मी डबी दिली. तिनं झाकण उघडून आतले दाणे पाहिले, बंद केलं, आणि डबी आपल्या कानाशी धरून हलवली. एकदा या कानाशी, एकदा त्या. थांबली. मग हसली आणि डबी माझ्या हातात परत ठेवली. आराध्यानं आधी आईचा पदर ओढला, आई खाली बघायला लागल्यावर मगच विचारलं, "वाजलं का ग माय?" त्या घरात पोर बोलायच्या आधी पदर ओढायला शिकलं आहे.

मी तेव्हाही काही बोललो नाही. सुनीताला बोलून सांगता येत नाही. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नाही, आणि ते का येत नाही हे मला माहीत आहे.

आता आराध्या पहिल्या ओळीत बसते. तिला वाचता यायला लागेल, दिवाळीपर्यंत येईल, आणि ती आईपुढे पाटी धरून एकेक अक्षर गिरवायला लागेल. त्यानं माझं काही फिटत नाही. शिंदे मॅडमना मला सांगायचं आहे की मला माहीत होतं, आणि मारलेल्या त्या चापटीचं ओझं त्यांचं नाही, माझं आहे. फोन नंबर आहे, अजून लावलेला नाही. आणि सुनीताला मी तिचं पहिलीचं वर्ष देणं लागतो.